भरल्या कुंडासकट बुडालेलं जहाज

मी खेळ चांगला चालवते. हे मलाच सांगावं लागतं, कारण बेलापुरात ते सांगू शकेल असं दुसरं कोणी नाही. आमच्या पंचक्रोशीत असला खेळ चालवणारी मी एकटीच. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. अडचण आली की काय करायचं ते आपल्या पात्राच्या तोंडून सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. गोष्ट रचणारी मी. आमची गोष्ट ताऱ्यांच्या मधल्या काळोखात घडते, जिथे लाकडी जहाजं शिडं उभारून एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जातात. एवढं सांगूनही कोणी "म्हणजे पत्त्यांसारखं का?" असं विचारलं, तर मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते.

बी.एड.ला पुण्यात असताना वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मला हा खेळ शिकवला. नंतर लग्न होऊन इकडे आले आणि हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. खेळ मात्र डोक्यातून गेला नाही. रविवारी सकाळची चर्चमधली उपासना आटोपते, बाराच्या सुमारास जेवणं होतात आणि मग गाव आडवं होतं. मला दुपारची झोप येत नाही. त्या रिकाम्या दुपारी मी वहीत एक जग लिहून काढलं, नवऱ्याच्या वर्कशॉपला लागून असलेल्या पडवीत टेबल मांडलं आणि माणसं गोळा करायला लागले.

आमच्या मुख्याध्यापकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "विज्ञानाच्या बाई तुम्ही, आणि जादूचे खेळ खेळता?"

मी म्हटलं, "सर, माझी जादू नियमानं चालते. आपल्या शाळेची घंटासुद्धा तेवढी नियमानं चालत नाही."

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

नियमांचा मला खरंच अभिमान आहे. माझ्या जगात जहाज दोन गोष्टींवर चालतं, यंत्रावर आणि जादूवर. यंत्र थकत नाही, पण मोडतं. जादू मोडत नाही, पण थकते. जहाजाच्या पोटात तांब्याचं एक कुंड असतं. ताऱ्यांच्या उजेडातून त्यात थेंब थेंब तेज साठतं. शिडं ते तेज पितात आणि जहाज पुढे जातं. हवा तयार करणारं यंत्रही तेच तेज पितं आणि माणसं जगतात. शिडांना जास्त दिलं तर श्वास कमी पडतो, यंत्राला जास्त दिलं तर जहाज जागच्या जागी राहतं. कुंड मी मुद्दाम एकच ठेवलं होतं. खेळणाऱ्यांनी त्यावरून भांडावं, मग एकमेकांना समजून घ्यावं, अशी माझी कल्पना होती.

पहिल्या खेळाडू शेजारच्या निवृत्त सिस्टर. त्यांची सगळी नोकरी दवाखान्यात गेली. त्यांना मी मांत्रिकाचं पात्र दिलं, तर मंत्र म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर काय, ही काळजी. मग तोडगा निघाला. जखमी खलाशाची त्या आधी नाडी बघायच्या, मग त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजायच्या आणि शेवटी नुसता हात ठेवायच्या. जादू तेवढीच. त्यांचा एकही रुग्ण आजवर दगावलेला नाही. दुसरा खेळाडू माझा नवरा. तो सुकाणूवर असतो आणि खेळात फार बोलत नाही, पण लेथवर पितळेचे फासे आणि बोटभर लांबीची जहाजं अशी कातून देतो की बघत राहावं.

आणि मग ते दोघे भाऊ.

माझा नवरा विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतो. पुणतांब्याचे एक शेतकरी जळलेली मोटार घेऊन एका रविवारी आले. काम होईपर्यंत थांबावं लागणार होतं, म्हणून पडवीत आमचा खेळ बघत बसले. पुढच्या रविवारी मोटारीशिवायच आले. "जहाजाचं काय झालं, ते बघाया आलो," म्हणाले. मी त्यांना कप्तान केलं. महिन्याभरानं पुणतांब्याचेच आणखी एक शेतकरी पंप घेऊन आले. हात कारागिराचा होता, प्रश्न नेमके विचारत होते. मी त्यांना रविवारी यायला सांगितलं आणि जहाजाचा मिस्त्री करायचं ठरवलं. दोघांचं आडनाव एकच आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. गावात असतील त्या आडनावाची चाळीस घरं, असं म्हणून मी सोडून दिलं.

रविवारी हे दुसरे, म्हणजे धाकटे, दारात आले आणि आधीच बसलेल्या कप्तानांनी, म्हणजे थोरल्यांनी, वर बघितलं. दोघांपैकी कोणीच परत गेलं नाही. धाकट्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाची खुर्ची ओढली. नवऱ्यानं मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं.

"सख्खे भाऊ आहेत ते," तो म्हणाला. "पाच वर्षं झाली, एकमेकांशी बोलत नाहीत. आता काय करणार आहेस?"

"खेळ चालवणार आहे," मी म्हटलं.

त्यानं मला तिथेच सगळं सांगितलं. वडिलांच्या माघारी जमीन वाटली गेली, विहीर सामाईक राहिली. दोघांच्या पेरूच्या बागा त्याच एका विहिरीवर. मोटारी दोन, दिवस वाटून घेतलेले. आज थोरल्यांची पाळी, उद्या धाकट्यांची. पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात थोरले आपल्या पाळीच्या सकाळी विहिरीवर गेले, तर तळ उघडा पडलेला. आदल्या दिवशी दुपारी कोणीतरी धाकट्यांना थोरल्यांच्या स्टार्टरच्या पेटीपाशी उभं असलेलं पाहिलं होतं. झालं, दोन्ही मोटारी लावून त्यांनीच विहीर उपसली असं ठरलं. थोरल्यांनी गावाच्या पारावर, चारचौघांत, धाकट्या भावाला पाणीचोर म्हटलं. धाकटे एवढंच म्हणाले, "मी पानी घेतलं न्हाई." त्यानंतर दोघांत शब्द नाही. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मात्र दोघे विहिरीवर येतात. ज्याची पाळी संपली तो आपल्या मोटारीचा फ्यूज काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवतो. दुसरा ते बघतो, आपला फ्यूज बसवतो. मग दोघे दोन दिशांना जातात.

आता गंमत बघा. खेळात ते बोलायचे. धाकटे म्हणायचे, "कप्तान, हवेच्या यंत्राला तेज पायजे." थोरले म्हणायचे, "मिस्त्री, किती?" अगदी सरळ, आदरानं. खेळात बोललेलं धरायचं नाही असं दोघांनी मनातल्या मनात ठरवलं असावं. मला वाटलं, माझ्या टेबलानं पहिल्याच दिवशी बाजी मारली.

पण कुंडाशी आलो आणि गाडी अडली. मी नियम समजावला. ज्याला गरज, त्यानं मागावं, सगळ्यांनी मिळून ठरवावं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात चुकीचं सूत्र लिहिलंय.

"आसं न्हाई चालत, मॅडम," थोरले म्हणाले. "पाळी लावा. एक दिस शिडांचा, एक दिस यंत्राचा."

"अहो, आकाशात दिवस नसतो. सूर्यच नाही."

"मग घड्याळ लावा," धाकटे म्हणाले.

पाच वर्षांत दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं. मी मान तुकवली. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं झाली की जहाजावरचा एक दिवस संपला. नवऱ्यानं पितळेचा छोटा फ्यूज कातून दिला. पाळी संपली की तो टेबलाच्या मधोमध ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. सिस्टर वैतागून म्हणायच्या, "अरे, पेशंट मरतोय, तेज द्या!" तर दोघेही एकदम घड्याळाकडे बोट दाखवायचे.

व्हायचं तेच झालं. एका रविवारी मी जहाज धूमकेतूच्या शेपटीत घातलं. बर्फाचे धोंडे चारी बाजूंनी यायला लागले. शिडं फुगवली असती तर जहाज सहज निसटलं असतं. कुंड काठोकाठ भरलेलं होतं. पण फ्यूज मिस्त्रींपुढे होता, पाळी यंत्राची होती. कप्तान मागेनात, मिस्त्री देईनात. माझा नवरा सुकाणू धरून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी तीन वेळा विचारलं, "नक्की?" तिसऱ्यांदा विचारल्यावर धोंडा बसला, डोलकाठी मोडली, पोट फुटलं आणि जहाज भरल्या कुंडासकट बुडालं. दीड वर्ष रचलेलं जहाज होतं ते!

मी चिडले. वही आपटली. "एक शब्द बोलला असतात तर सगळे वाचले असते!"

थोरले शांतपणे म्हणाले, "पाळी मोडली न्हाई, मॅडम."

धाकट्यांनी मान डोलावली. दोघांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, ते बघून मला आणखी राग आला. असली चूक पुण्यातल्या वसतिगृहात कोणी केली नसती. तिथे पोरी पहिल्या पाच मिनिटांत एकमेकींचं तेज पळवायच्या.

पुढच्या महिन्यात आम्ही दुसरं जहाज बांधायला घेतलं आणि त्याच सुमारास नवऱ्यानं बातमी आणली. थोरले स्वतःच्या रानात बोअर घेणार होते. सामाईक विहिरीवरची मोटार काढून घ्यायची, कटकट मिटवायची. त्यांनी त्यासाठी जमिनीतलं पाणी शोधणारा मशीनवालाही आणला आणि पाणाड्याही. मशीनवाल्यानं खूण केली त्याच्या चार हात पलीकडे पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला. थोरल्यांनी दोन्हींच्या मधोमध खुंटी ठोकली. ऐकून मला हसू आलं. यंत्र आणि जादू यांची इतकी समान वाटणी माझ्या वहीतसुद्धा नव्हती.

हसू ओसरल्यावर मात्र दुसरी बाजू दिसली. बोअर झालं की सकाळी सहाला विहिरीवर यायचं कारण उरणार नव्हतं. मुकाट्यानं का होईना, ते दोघे रोज एकमेकांसमोर उभे राहत होते. तेवढंच एक नातं शिल्लक होतं, आणि तेही मोडायला बोअरच्या गाडीचा वार ठरला होता. मंगळवार. मला ते बघवेना. मी शिक्षिका आहे. पोरं चुकत असली की मला हात बांधून बसता येत नाही, आणि हे दोघे माझ्या लेखी पोरंच होते, थोरले माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे असले तरी.

म्हणून मी डाव रचला. मंगळवारच्या आधीच्या रविवारी, कप्तानाच्या पाळीच्या पहिल्याच मिनिटाला, त्यांना कुंड रिकामं सापडणार होतं. संशय मिस्त्रीवर जाणार होता. आणि मग शोध घेतल्यावर दिसणार होतं की कुंडाच्या तळाला भोक आहे. तांबं कुरतडणारा एक किडा मी मुद्दाम तयार केला, वहीत त्याचं चित्रसुद्धा काढलं. तेज कोणीच चोरलेलं नाही, आपोआप झिरपून गेलंय, हे थोरल्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. मग घरच्या विहिरीबद्दलही त्यांना तसंच वाटेल. झरा आटला असेल, भेगेतून पाणी गेलं असेल. किती हुशार आहे मी, असं मला वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "फार पुढे जाऊ नकोस." मी ऐकलं नाही.

रविवार आला. सिस्टरांनी भुईमुगाच्या शेंगा उकडून आणल्या होत्या. तासभर खेळ छान चालला. घड्याळाचा काटा तीनवर आला, धाकट्यांनी पितळेचा फ्यूज मधोमध ठेवला, थोरल्यांनी उचलला.

मी म्हटलं, "कप्तान कुंडाचं झाकण उघडतात. कुंड रिकामं आहे. तळ दिसतोय."

शेंग सोलता सोलता सिस्टरांचा हात थांबला. धाकट्यांचा चेहरा कातडं ओढल्यासारखा झाला. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मी घेतलं न्हाई."

तो आवाज मिस्त्रीचा नव्हता. मला त्याच क्षणी कळलं की मी काय करून बसलेय. एका माणसाला मी पुन्हा त्याच पारावर नेऊन उभं केलं होतं, तेही चहा-शेंगा मांडून. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. धाकटे चप्पल शोधायला लागले.

"थांबा, थांबा," मी घाईघाईनं वही पुढे केली. "कोणीच घेतलेलं नाही. कुंडाला भोक आहे. हे बघा, किड्यानं कुरतडलंय. शोधलं असतंत तर सापडलं असतं."

थोरल्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. फासे त्यांच्या मुठीत होते, ते त्यांनी टेबलावर हळूच ठेवले.

"भोक न्हवतं, मॅडम," ते म्हणाले.

"अहो, नियमाप्रमाणे..."

"तुमचा नियम ऱ्हाऊ द्या. मला ठाव हाय कुंड कुनी रिकामं केलं ते. कप्तानानं केलं."

धाकटे दाराशी थांबले, पण वळले नाहीत. थोरले त्यांच्या पाठीकडे बघून बोलायला लागले. आधी सावकाश, मग न थांबता.

"कर्जतला लग्नाला गेल्तो मी. नवाच बसवला हुता तो मोबाईल स्टार्टर. हितून फोन लावला की तिकडं मोटार चालू. मांडवात पावन्यांना म्हनलं, बघा, हितं बसून मोटार चालू करून दावतो. पाळी माझी न्हवती, तुझी हुती. म्हनलं, दोन मिन्टं चालंल आन् बंद करीन, काय फरक पडतो. फोन लावला. समदी माना डोलवाया लागली. तेवढ्यात पंगतीला बोलावनं आलं, आन् मी इसरलो. पाइप तर मीच सोडून ठिवला हुता, जोडायचा म्हनून. समदं पानी वढ्याला गेलं. तुझ्या पाळीचं पानी."

सिस्टर काहीतरी बोलणार होत्या. माझ्या नवऱ्यानं हातानं त्यांना थांबवलं.

"दुसऱ्या दिशी इहिरीवर आलो आन् पारावर जाऊन तुला बोललो. तवा मला खरंच वाटलं हुतं की तूच. दुपारी फोन बघितला तवा ध्यानात आलं. आन् मग आनखी एक ध्यानात आलं. मोटार मी बंद केलीच न्हवती. कोरडी चालली असती तर जळून गेली आसती. जळली न्हाई. म्हंजी कुनीतरी येऊन बंद केली हुती. तुला माझ्या पेटीपाशी बघितलं, ते त्याच येळंला." थोरल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. "तू माझी मोटार वाचवली, आन् मी तुला चोर म्हनलो. पाच वर्सं माझ्या तोंडातून निघालं न्हाई. रोज सकाळी इहिरीवर येताना ठरवून यायचो. तुझं त्वांड बघितलं की जीभ उचलायची न्हाई. शेवटी म्हनलं, बोअर घेऊ, तिकडं जायलाच नगो."

माझ्या वहीतला तो किडा मला दिसत होता, आणि तो इतका पोरकट वाटत होता की मी वही मिटली. मी त्यांच्यासाठी एक सोपी पळवाट खणून ठेवली होती. ते तिच्याकडे ढुंकूनही न बघता उघड्यावर आले होते.

"मंगळवारी गाडी येनार हाय," थोरले म्हणाले. "ती नगं म्हनून सांगतो मी. पारावर बी सांगतो, त्याच मान्सांम्होरं. पर मला एक सांग. वढ्याला पानी तू बघितलं हुतं. मोटार तूच बंद केली. माझ्या त्वांडावर एका शब्दात मारता आलं आसतं तुला. तू बोलला का न्हाईस?"

धाकटे वळले. चप्पल त्यांच्या हातातच होती. पाच वर्षांत मनाशी शंभरदा म्हटलेलं असावं, तसं ते न अडखळता बोलले.

"तुमी चारचौघांत बोलून बसला हुता. मी खरं सांगितलं असतं, तर त्याच पारावर तुमची मान खाली गेली असती, दादा."